जखमेवर मध लावायचा असेल तर

सातारा-सांगलीकडच्या स्वयंपाकघरात मधाची एखादी बाटली असतेच. महाबळेश्वरला कुणी जाऊन आलं की चणे, स्ट्रॉबेरीचा जॅम आणि मध हे ठरलेलं. खोकला झाला की तो आल्याच्या रसातून चाटवतात आणि कुठं कापलं, भाजलं की त्याच बाटलीतला मध बोटाने जखमेवरही लावतात. माझं काम ड्रेसिंगचं, त्यामुळे घरून मध लावून आलेल्या जखमा माझ्यासमोर नेहमी येतात. काहींत मांस लाल, स्वच्छ दिसतं आणि दोन-चार पट्ट्यांत काम भागतं. काहींत मधाखाली माती तशीच असते आणि आठवडा वाया गेलेला असतो. जखम कुठली होती, ती धुतली किती नीट आणि मध कुठला वापरला, यावर सगळं ठरतं. ज्यांना हे पहिल्यांदाच करायचं आहे, त्यांच्यासाठी क्रमाने लिहिते.

मध जखमेत काय करतो

मधात साधारण 80 टक्के साखर आणि 17 ते 20 टक्के पाणी असतं. इतक्या कमी पाण्यात जंतू वाढू शकत नाहीत. उलट मध त्यांच्यातलं आणि जखमेच्या आतलं पाणी ओढून घेतो. म्हणून मध लावल्यावर पहिल्या दिवशी जखमेला जास्त पाणी सुटतं. ते बघून लोक घाबरतात, पण हे पाणी बाहेर येताना आतली घाण सैल करून आणतं. शिवाय मध आंबट असतो, त्याचा पीएच 3.2 ते 4.5 च्या आसपास, आणि तेही बऱ्याच जंतूंना मानवत नाही.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती मधमाशीची करामत. मध करताना ती त्यात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम मिसळते. घट्ट मधात ते गप्प असतं. जखमेच्या पाण्याने मध पातळ झाला की ते कामाला लागतं आणि थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहतं. बाटलीतलं पेरॉक्साइड जखमेवर ओतलं तर जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. मधातलं इतकं सौम्य असतं की मांसाला त्याचा त्रास होत नाही. हे एन्झाइम उष्णतेने आणि उजेडाने निकामी होतं, एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. न्यूझीलंडच्या मानुका मधात याशिवाय मिथाइलग्लायॉक्साल नावाचं जंतुनाशक द्रव्य भरपूर असतं, म्हणून त्याचा एवढा बोलबाला.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मध हा व्रण शुद्ध करणारा, सांधणारा आणि भरून आणणारा म्हटला आहे. अलीकडच्या काळातलं गाजलेलं काम आपल्या शेजारीच झालं. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले सर्जन डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी 1991 मध्ये भाजलेल्या 104 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना मध, निम्म्यांना भाजल्यावर सर्रास वापरलं जाणारं सिल्व्हर सल्फाडायझिन. 15 दिवसांत मधाच्या गटातल्या 87 टक्के जखमा भरल्या, दुसऱ्या गटातल्या 10 टक्के. मधाच्या ड्रेसिंगवर जगात कुठेही लिहिलं गेलं की या कामाचा उल्लेख येतो. मात्र याच डॉक्टरांनी 1999 मध्ये आणखी एक अभ्यास छापला आणि तो फारसा कुणी सांगत नाही. मध्यम प्रमाणात भाजलेल्या रुग्णांची मेलेली कातडी लवकर काढून त्वचारोपण केलं, तर ते मधाच्या पट्टीपेक्षा सरस ठरतं, असं त्यात दिसलं. मधावर इतकं काम केलेल्या माणसाने मधाची हद्दही स्वतःच आखून दिली, याचा मला फार आदर वाटतो.

2015 मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात असे 26 अभ्यास एकत्र तपासले गेले. वरवर भाजलेल्या जखमा नेहमीच्या काही ड्रेसिंगपेक्षा मधाने चार-पाच दिवस आधी भरतात आणि ऑपरेशननंतर पिकलेली जखमही लवकर भरते, असं त्यात निघालं. व्हेरिकोज व्हेन्समुळे, म्हणजे पायाच्या फुगलेल्या शिरांमुळे झालेल्या जखमेत मात्र मधाने विशेष फरक पडला नाही. तिथे खरं औषध म्हणजे दाब देणारी पट्टी. बाकी बऱ्याच जखमांबद्दलचा पुरावा अजून कच्चा आहे. मधाने सगळं बरं होतं असं कुणी छातीठोक सांगत असेल, तर त्याच्याकडून मध घेऊ नका.

आधी ठरवा: घरची जखम की दवाखान्याची

घरी मध लावण्याजोग्या जखमा थोड्याच असतात. गाडीवरून घसरून खरचटलेलं, नव्या चपलेने घासून गेलेली कातडी, खुरप्याने हातावर येऊन फुटलेला फोड, विळीवर कापलेलं पण कडा आपोआप जुळतायत असं बोट, तव्याचा छोटा चटका. तासगावकडे द्राक्षाच्या छाटणीत कात्रीचे जे बारीक चिरे पडतात, तेही यातलेच. थोडक्यात, वरवरची, छोटी, ताजी आणि धुऊन स्वच्छ होणारी जखम.

बाकी सगळं दवाखान्याचं. ऊसतोडीत कोयता लागला आणि आतली पिवळसर चरबी दिसतेय, बोट वाकत नाही किंवा पुढचा भाग बधिर झालाय, तर शीर किंवा स्नायूची दोरी तुटलेली असू शकते. स्वच्छ कापड दाबून धरा आणि निघा. त्यात मध, हळद, चहापावडर, काहीही भरू नका. टाके घालण्याआधी डॉक्टरांना ते सगळं घासून काढावं लागतं. हळदीच्या पेठेच्या या मुलखात जखमेत हळद दाबणं हा हाताचा गुणच झालाय, तरी हे सांगतेच. खिळा किंवा बाभळीचा काटा खोल रुतला असेल तिथेही मधाचा उपयोग नाही. मध वर बसतो, भोक आत असतं, आणि धनुर्वाताच्या जंतूला अशीच बंद जागा आवडते.

कुत्रं, मांजर, माकड चावलं तर पहिलं काम म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुणं आणि दुसरं म्हणजे रेबीजच्या लसीसाठी सरकारी दवाखाना गाठणं. त्या जखमेवर मध, हळद, मिरची, चुना काहीही लावायचं नाही. महाबळेश्वर-पाचगणीला फिरायला आलेल्यांनी माकडाच्या ओरखड्यालाही हलकं घेऊ नये. साप चावला तर जखमेशी खेळूच नका, 108 ला फोन करा.

मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला झालेली जखम कितीही लहान असो, ती घरची नाही. एकदा शिराळ्याच्या बाजूच्या एक मावशी आल्या होत्या. अंगठ्याजवळ मध आणि हळदीचा घट्ट, काळा थर. मी तो सलाइनने भिजवून उचलत होते तेव्हा म्हणाल्या, "अगं पोरी, मध हाय त्यो, त्यानं काय वाईट हुतंय?" मधाने वाईट झालंच नव्हतं. पण वरून सुकलेल्या थराखाली पू साठून बोटाच्या बुडाशी गेला होता आणि मावशींना ठणका कळलाच नव्हता, कारण साखरेने पायाची जाणीव गेली होती. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असा हिशेब मधुमेहात चालत नाही. तिथे मधाची पट्टी वापरायची की नाही हे पाय तपासून डॉक्टरच ठरवतील.

डोळ्याजवळची, गुप्तांगाजवळची, सांध्यावरची जखम तशीच. जखमेभोवतीची लाली पसरत चाललीय, ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढतोय, पूला घाण वास आहे, ताप आलाय, जांघेत किंवा काखेत अवधाण (दुखरी गाठ) आलंय, तर आता मधावर वेळ घालवायचा नाही.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही आणि त्याच्या जखमेवर घरचा मध लावायचाही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, पण बाळाच्या आतड्यात रुजले तर तिथे विष तयार होतं आणि बाळ लुळं पडतं. घुटीतून मध देण्याची रीत आपल्याकडे अजून आहे, म्हणून घरातल्या आजींना हे समजावून सांगा, प्रेमाने पण ठामपणे.

ज्यांना मधमाशी चावल्यावर अंगावर गांधी उठतात, धाप लागते किंवा मध खाऊन कधी त्रास झालाय, त्यांनी मधाच्या वाट्याला जाऊ नये.

आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. माती, शेण, गंजकं लोखंड लागलेली जखम असेल आणि शेवटचं इंजेक्शन घेऊन 5 वर्षं उलटली असतील, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन घ्या. जखम स्वच्छ आणि किरकोळ असेल तर 10 वर्षांचा हिशेब धरतात. आठवतच नसेल तर घ्यायचं. मध याला पर्याय नाही.

कुठला मध

आपला सातारा जिल्हा मधाचा. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे. जवळचं मांघर हे 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. सातेरी माशीच्या पेट्यांतून जांभूळ, हिरडा, गेळा अशा झाडांचा मध निघतो, आणि कारवी फुलते त्या वर्षी कारवीचाही. कड्यावरच्या आग्या मोहोळाचा मध वेगळा. तो पुष्कळदा पोळं हाताने पिळून काढतात, त्यामुळे त्यात मेण, पराग, अळ्यांचा रस उतरतो. पेटीतला मध यंत्रात फिरवून काढतात, तो स्वच्छ असतो. दोन्ही खायला उत्तम. जखमेवर मात्र मी यातला कुठलाच सांगणार नाही.

कारण निर्जंतुकपणा. खाण्याचा मध कितीही शुद्ध असला तरी निर्जंतुक नसतो. वर सांगितलेले बीजाणू त्यात असू शकतात आणि उघड्या मांसावर त्यांना जागा देणं शहाणपणाचं नाही. "मग उकळून घेते" असं पुष्कळ जणी म्हणतात. साध्या उकळीने बीजाणू मरत नाहीत आणि मधातलं एन्झाइम मात्र मरतं. म्हणजे जे घालवायचं ते राहिलं आणि जे ठेवायचं ते गेलं. म्हणूनच जखमेचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. त्यात बीजाणू मरतात आणि मधाचा जंतुनाशक गुण टिकतो.

भेसळीचं दुखणं आणखी वेगळं. साखरेचा पाक मिसळलेला मध दिसायला अगदी मधासारखा असतो. पाण्यात तळाशी जातो का, वातीला लावून पेटतो का, कागदावर ओल पसरते का, या घरगुती परीक्षांवर विसंबू नका. घट्ट पाक त्या सगळ्या पास होतो. मध गोठला म्हणजे भेसळ, हाही गैरसमज. ज्या मधात ग्लुकोज जास्त तो लवकर रवाळ होतो. रस्त्याकडेला बादलीत पोळं ठेवून "आत्ताच झाडावरनं काढलाय" म्हणणाऱ्याकडून खायलाही घेताना विचार करा, जखमेचं तर नावच नको.

तेव्हा मेडिकलमध्ये जखमेसाठीचा निर्जंतुक मध मागा. तो ट्यूबमध्ये जेलसारखा मिळतो किंवा मध भरलेल्या तयार पट्टीच्या रूपात. वेष्टनावर तो जखमेसाठी आहे आणि निर्जंतुक केलेला आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं, मुदत संपलेली नको. छोट्या गावात तो लगेच मिळत नाही. सातारा, कराड, सांगली, मिरजेच्या मोठ्या दुकानांत विचारा किंवा आपल्या मेडिकलवाल्याला मागवायला सांगा. चेहऱ्याला लावायची मधाची क्रीम वेगळी, ती जखमेवर चालत नाही.

आणि तो मिळालाच नाही तर? छोटी जखम स्वच्छ धुऊन तिच्यावर साधी पेट्रोलियम जेली आणि स्वच्छ गॉज (पट्टीचं जाळीदार कापड) बांधलं तरी ती छान भरते. जखम ओलसर राहणं महत्त्वाचं, ते काम जेलीही करते. मध नाही म्हणून स्वयंपाकघरातल्या बाटलीकडे वळायची गरज नाही.

सामान आणि धुणं

जवळ एवढं ठेवा: नॉर्मल सलाइनची बाटली, निर्जंतुक गॉजची पाकिटं, मधाची ट्यूब, रोलर पट्टी, चिकटपट्टी, स्वच्छ कात्री. कापूस थेट जखमेवर ठेवू नका, त्याचे तंतू मांसात अडकतात. सलाइन नसेल तर 1 लिटर पाणी उकळून गार करा आणि त्यात 9 ग्रॅम मीठ घाला, म्हणजे चहाचे सपाट दीड चमचे. हे पाणी त्याच दिवशी संपवायचं.

रक्त येत असेल तर आधी ते थांबवा. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून सलग 10 मिनिटं दाबून धरा. मधेमधे उचलून बघायचा मोह होतो, तो टाळा, कारण बसत आलेली गुठळी सुटते. तरी थांबलं नाही तर दवाखाना.

मग हात साबणाने धुवा, कोपरापर्यंत. आता जखम. ही पायरी लोक उरकतात, आणि माझ्या मते मधापेक्षा हिचं महत्त्व जास्त आहे. स्वच्छ वाहतं पाणी जखमेवर पाच-दहा मिनिटं सोडा. नळाचं पिण्याचं पाणी चालतं, ओढ्याचं, पाटाचं, विहिरीचं नाही. साबण जखमेभोवतीच्या कातडीला, आत नाही. खरचटलेल्या जागेत खडीचे कण, डांबराचे बारीक ठिपके बसलेले असतात. ते ओल्या गॉजने आतून बाहेर हलक्या हाताने पुसून काढा. दुखतं, पण राहिले तर कातडीखाली काळे डाग कायमचे राहतात आणि जखम पिकतेही. दोनदा प्रयत्न करून निघाले नाहीत तर दवाखान्यात काढून घ्या. स्पिरिट, न पातळ केलेलं डेटॉल, पेरॉक्साइड जखमेत ओतू नका. चुरचुरतं म्हणजे औषध लागू पडतंय, ही समजूत डोक्यातून काढून टाका. शेवटी भोवतीची कातडी कोरड्या गॉजने टिपून घ्या, नाहीतर चिकटपट्टी धरत नाही.

मध लावणं

मध जखमेवर ओतू नका, गॉजवर घ्या. जखमेवर ओतलेला मध अंगाच्या उबेने पातळ होऊन ओघळतो आणि दहा मिनिटांत कपड्यावर असतो. गॉजचा तुकडा जखमेपेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठा घ्या आणि ट्यूबमधला मध त्यावर पसरून थोडं थांबा, म्हणजे तो गॉजमध्ये मुरतो. 10 सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या पट्टीला साधारण 20 मिली, म्हणजे चहाचे चार चमचे मध लागतो. बोटाच्या चिऱ्याला अर्धा चमचा पुरे. थंडीत ट्यूब घट्ट झाली तर ती कोमट पाण्यात ठेवा. गरम पाण्यात, गॅसजवळ, उन्हात नाही, एन्झाइमचं कारण मघाशी सांगितलंच.

गॉज मधाच्या बाजूने जखमेवर ठेवा. मध कडांच्या पलीकडे थोडा गेला पाहिजे, कारण सूज तिथेही असते. वर कोरड्या गॉजच्या दोन-तीन घड्या, सुटणारं पाणी शोषायला. मग पट्टी. बोट असेल तर पट्टी बांधून झाल्यावर नख दाबून सोडा. ते पांढरं होऊन लगेच गुलाबी झालं तर पट्टी बरोबर बसली, वेळ लागला तर सैल करा.

लावल्यावर थोडं झोंबेल. मध आंबट असतो आणि जखमेचं पाणी ओढतो, म्हणून. बहुतेकांचं काही मिनिटांत थांबतं. अर्ध्या तासानेही आग होतच असेल, किंवा खाज सुटून भोवती पुरळ उठलं, तर पट्टी काढा, सलाइनने धुऊन टाका आणि पुन्हा लावू नका.

खेड्यातल्या घरात मधाच्या पट्टीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मुंगी. पुस्तकात हे कुणी लिहीत नाही. रात्री पायावर पट्टी बांधून जमिनीवर अंथरूण टाकलं की पहाटे पट्टीत मुंग्यांची रांग. म्हणून पट्टी बांधून झाल्यावर कडेला ओघळलेला मध ओल्या कापडाने पूर्ण पुसा, पट्टीची बाहेरची कड चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद करा, रात्री खाटेवर झोपा आणि खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. गोठ्यात काम असेल तर बाहेरून आणखी एक कापड गुंडाळा. माशी बसलेली पट्टी तशीच ठेवायची नाही, लगेच बदलायची.

पट्टी बदलताना

पहिले दोन-तीन दिवस रोज बदला. पट्टी बाहेरपर्यंत ओली झाली तर दिवसातून दोनदाही. पाणी कमी झालं की दोन दिवसांआड चालतं. चिकटलेलं गॉज ओढून काढू नका, सलाइनने भिजवून पाचेक मिनिटं थांबा, ते स्वतःच सुटतं. मधाच्या पट्टीचा हाच मोठा फायदा आहे. मध पुरेसा असेल तर गॉज मांसाला चिकटत नाही, नवी कातडी उपटली जात नाही आणि लहान मूल दुसऱ्या वेळी पाय पुढे करायला नाही म्हणत नाही.

दर वेळी जखम नीट बघा, उजेडात. पिवळट बुळबुळीत थर सैल होऊन गॉजवर आला असेल तर चांगलं. वास असेल तर तोही कमी होत गेला पाहिजे. तळाला आटपाडीच्या डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल, ओलसर, बारीक खडबडीत मांस दिसू लागलं की समजा जखम भरायला लागली. ते किंचित रक्ताळतं, घासू नका. जखमेभोवतीची कातडी पांढरी पडून सुरकुतली असेल तर ओल जास्त होतेय. पट्टी लवकर बदला आणि कडांना पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. रोज त्याच कोनातून मोबाइलवर एक फोटो काढून ठेवलात तर जखम लहान होतेय की नाही, हे अंदाजावर राहत नाही आणि डॉक्टरांना दाखवायलाही कामी येतं.

ट्यूब एका माणसाची. तिचं तोंड जखमेला, बोटाला लावायचं नाही. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि वेष्टनावर सांगितलेल्या दिवसांनंतर टाकून द्या.

भाजलं असेल तर क्रम बदलतो

भाजल्यावर मध पहिल्या मिनिटाला नाही. आधी पाणी. नळाचं साधं गार पाणी भाजलेल्या जागेवर 20 मिनिटं सोडायचं. उशीर झाला तरी पहिल्या तीन तासांत हे करण्यात फायदा आहे. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, तूप नाही. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज यायच्या आत काढा.

आपल्या भागातलं खास भाजणं म्हणजे गुऱ्हाळाचं. काहिलीतला पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि हातावर उडाला की चिकटून बसतो, म्हणून तो जास्त खोल भाजतो. चिकटलेला पाक ओढू नका, कातडीसकट निघतो. हात तसाच पाण्याखाली धरा. पाक थंड होईल आणि हळूहळू विरघळून जाईल. चुलवाणासमोर काम करणाऱ्यांनी पाण्याची भरलेली टाकी हाताच्या अंतरावर ठेवावी. ही एक सोय मधाच्या शंभर ट्यूबांपेक्षा जास्त हात वाचवेल.

गार केल्यावर बघा. बोटांसकट तळहात म्हणजे अंगाचा साधारण 1 टक्का. ज्याला भाजलंय त्याच्या तळहातापेक्षा मोठी जागा असेल तर दवाखाना. चेहरा, पंजा, पाऊल, सांधा, गुप्तांग असेल तर लहान असलं तरी दवाखाना. जागा पांढरी किंवा चामड्यासारखी झालीय आणि दुखतच नाही, तर ते खोल भाजलंय. विजेचा झटका, तेजाब, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तरी वाट बघायची नाही. यातलं काही नसेल, नुसती लाली आणि छोटा फोड असेल, तर फोड फोडू नका, तोच सगळ्यात चांगली पट्टी आहे. आपोआप फुटला तर धुऊन, वर सांगितल्याप्रमाणे मधाची पट्टी. भाजलेली जखम 2 आठवड्यांत भरली नाही तर डॉक्टरांना दाखवाच. तिथून पुढे व्रण जाड आणि आखडलेला होण्याची भीती असते.

जखम भरत आली की

पाणी सुटणं थांबलं आणि वर गुलाबी, कोरडी, पातळ कातडी आली की मध बंद. त्यानंतर मधाचं काम उरत नाही, नुसता चिकटपणा होतो. नवी कातडी काही दिवस खाजते. नखं लावू नका, खोबरेल तेलाचं बोट फिरवा. उन्हात काळी पडते, म्हणून शेतात जाताना काही महिने सुती कापडाने झाकून ठेवा. साधी खरचटलेली जखमही 2 आठवड्यांनंतर ओली राहिली, किंवा भरून पुन्हा पुन्हा उघडू लागली, तर एकदा रक्तातली साखर तपासून घ्या. आपल्याला मधुमेह आहे हे कितीतरी जणांना अशाच एका न भरणाऱ्या जखमेमुळे पहिल्यांदा कळतं.